गुरं अस्सल, गुराखी ठरीव? कुरणांची चित्रं वाचताना

कुरणवाट (धागाकर्ती)

कुरण, मागे झाडांची रांग, ओढ्यात उतरलेल्या गाई, दोनचार मेंढरं आणि खोडाला टेकून उभा असलेला गुराखी. अशी चित्रं आपण इतकी पाहिलेली असतात की "किती शांत!" म्हणतो आणि पुढे सरकतो. हे "किती शांत" मला फार खटकतं. कोण राबतंय, कोण नुसतं बघतंय आणि कोणाला चित्रात जागाच दिलेली नाही, हे सगळं त्या चौकटीत उघड रंगवलेलं असतं. आपणच ते वाचत नाही.

माझी पद्धत सांगते. आधी जनावरं पाहायची, मग माणसं. युरोपातल्या या प्रकारच्या चित्रांत बहुतेकदा जनावर निरखून काढलेलं असतं आणि माणूस मात्र प्रथेतून उचललेला असतो. गुरं अस्सल, गुराखी ठरीव. या दोन्हींत जिथे फट दिसते तिथून चित्र बोलायला लागतं.

सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे डच चित्रकार पाउलस पॉटरचं 'द बुल'. १६४७ सालचं हे चित्र हेगच्या मॉरित्सहाउस संग्रहालयात आहे. रंगवलं तेव्हा पॉटर जेमतेम एकविशी-बाविशीतला होता. कॅनव्हास सुमारे साडेतीन मीटर रुंद, म्हणजे वळू जवळजवळ खऱ्या आकाराचा. त्या काळी एवढा कॅनव्हास राजेरजवाडे, युद्धं आणि बायबलमधल्या प्रसंगांसाठी राखलेला असायचा. या पोराने तो एका खोंडाला दिला! पाठीवर बसलेल्या माश्या, कपाळावरचे कुरळे केस, गाईच्या ओलसर नाकपुड्या, गवतातला बेडूक, खाली पडलेलं शेण, वर आभाळात चंडोल. एकही गोष्ट "साधारण अशी असते" म्हणून उरकलेली नाही.

आता गुराखी शोधा. तो डावीकडे झाडामागे, कुंपणाशी आहे. बघतोय आपल्याकडे, पण चित्र त्याचं नाही. गंमत म्हणजे इतका खराखुरा वाटणारा हा वळूसुद्धा एका जनावरावरून काढलेला नाही. खांदे पुऱ्या वाढलेल्या वळूचे, मागचा भाग त्यामानाने कोवळ्या खोंडाचा. निरनिराळ्या वयाच्या जनावरांचे अभ्यास जोडून पॉटरने तो उभा केला. तरी समोर उभं राहिलं की तो एकच, हाच, या कुरणातला वळू वाटतो. मागे क्षितिजावर रेइसवेइकच्या चर्चचा मनोरा दिसतो, म्हणजे जागाही नेमकी. डच लोकांसाठी दूधदुभतं ही संपत्ती होती, आणि त्यांनी तिचं व्यक्तिचित्र काढावं तसं हे चित्र काढलं आहे. १७९५ मध्ये फ्रेंच फौजांनी ते उचलून पॅरिसला नेलं, लूव्हरमध्ये टांगलं, आणि १८१५ मध्ये परत दिलं. एका वळूसाठी एवढी यातायात!

याच्या अगदी उलट टोकाला सतराव्या शतकातला फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँ. आयुष्य रोममध्ये गेलं. एका बाजूला काळसर झाडाचा पडदा, मध्ये पाण्याचा लखलखता पट्टा, दूर निळसर डोंगर, आणि पुढे शेरडं-मेंढरं घेऊन बसलेले, पावा वाजवणारे मेंढपाळ. या मेंढपाळांच्या पायाला चिखल लागलेला नाही. ते शहरात राहणाऱ्या, लॅटिन कविता वाचणाऱ्या श्रीमंतांच्या स्वप्नातले मेंढपाळ आहेत. आपण निसर्गचित्र विकतो आणि त्यातली माणसं फुकट देतो, असं क्लोद म्हणायचा, हा किस्सा त्याच्याबद्दल फार पूर्वीपासून सांगितला जातो.

आणि तिसरं, मला सगळ्यात अस्वस्थ करणारं: इंग्लिश चित्रकार गेन्सबरोचं 'मिस्टर अँड मिसेस अँड्र्यूज', साधारण १७५० चं, लंडनच्या नॅशनल गॅलरीतलं. ओकच्या झाडाखाली जमीनदार जोडपं, तो बंदूक बगलेत धरून उभा, ती निळ्या झग्यात बसलेली. उजवीकडे कापणी झालेलं शेत, पेंढ्या रचलेल्या. धान्याच्या ओळी बघा, पाभरीने पेरल्यासारख्या सरळ. मागे कुंपण घातलेल्या कुरणात मेंढ्या. पेंढ्या कोणी बांधल्या? मेंढ्या कोण राखतंय? एकही मजूर नाही. काम सगळं दिसतं आणि काम करणारा कोणी दिसत नाही.

तुम्ही अशी चित्रं कशी पाहता? एखादं मनात राहिलेलं चित्र असेल तर त्याबद्दल सविस्तर लिहा.

तैलरंग

धागा आवडला, पण क्रमाबद्दल मतभेद नोंदवतो. आधी जनावरं नाही, आधी उजेड. चित्रकार कॅनव्हाससमोर उभा राहतो तेव्हा तो गाय रंगवत नसतो, गाईवर पडलेला प्रकाश रंगवत असतो.

आल्बर्ट कॉइपचं उदाहरण घ्या. डॉर्ड्रेख्टचा माणूस, पॉटरचाच समकालीन. त्याच्या गाई नदीकाठी रवंथ करत बसलेल्या असतात आणि त्यांच्या पाठीवर मधासारखा पिवळा उजेड असतो. हा उजेड मूळचा हॉलंडचा नव्हे, इटलीचा. कॉइप इटलीला गेल्याची नोंद नाही. तिकडे राहून परतलेल्या यान बोथसारख्या चित्रकारांच्या कामातून त्याने तो उचलला. म्हणजे गाई डच आणि संध्याकाळ रोमची. तुमच्या "फटी"च्या भाषेत बोलायचं तर फट इथे गुरं आणि गुराखी यांच्यात नाही, गुरं आणि त्यांच्यावरचा प्रकाश यांच्यात आहे.

दुसरी गोष्ट क्षितिजरेषेची. कॉइप आणि पॉटर दोघंही क्षितिज खूप खाली घेतात. गवतात बसून वर पाहिल्यासारखं दिसतं, त्यामुळे गाय आभाळावर उभी राहते आणि एखाद्या स्मारकासारखी भव्य होते. तोच कळप उंचावरून पाहिला की ठिपके उरतात. चित्रकाराने आपल्याला कुठे उभं केलंय, हे ओळखल्याशिवाय जनावर मोठं की माणूस मोठा याचा निवाडा करू नये.

क्लोदबद्दल मात्र तुम्ही जरा कठोर झालात. सूर्य थेट चौकटीत ठेवून अख्खं चित्र त्याच्याभोवती तोलून धरणं हे त्याचं मोठं काम आहे. पुढच्या दीडदोनशे वर्षांत लोक निसर्गच त्याच्या नजरेने बघायला लागले. अठराव्या शतकात इंग्लंडमधले प्रवासी 'क्लोद ग्लास' नावाचा काळसर, किंचित फुगीर आरसा जवळ बाळगत. देखाव्याकडे पाठ करायची आणि आरशातलं प्रतिबिंब पाहायचं, म्हणजे समोरचा डोंगर क्लोदच्या चित्रासारखा दिसतो.

गोठा

माझं आयुष्य जनावरांत गेलं. चित्रकलेचं शिक्षण नाही, पण या चित्रांत मला जे दिसतं ते सांगतो.

कास भरलेली आहे की रिकामी, यावरून दूध काढायची वेळ झाली की होऊन गेली ते कळतं. कान मागे पडलेत की पुढे, शेपूट कुठे आहे, बसलेली गाय कुठल्या अंगावर रेललीय, हे चित्रकाराने बघितलंय की नाही ते पहिल्या नजरेत समजतं. पुष्कळ चित्रांतल्या गाई म्हणजे घोड्याच्या धडावर शिंगं लावलेली असतात. पॉटर तसा नाही. त्याची बसलेली गाय खरोखर बसलेली आहे, अंगाचा सगळा भार जमिनीवर टाकून.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते फ्रेंच चित्रकर्ती रोझा बोनरचं नांगरणीचं चित्र, १८४९ चं, पॅरिसच्या म्युझे दॉर्सेमधलं. फ्रान्सच्या निव्हेर्ने भागातली नांगरट. सहा-सहा बैल जुंपलेले दोन नांगर चढाकडे चाललेत. पुढच्या पट्ट्यात नुसती उलथलेली माती, ढेकळं, तासाची ओली कड. बैलांची ओढ कशी दाखवलीय बघा: मान खाली, खांद्याचे पुठ्ठे ताठ, मागचे पाय रोवलेले, तोंडाला लाळ. त्यातला एक बैल आपल्याकडे बघतो. त्या नजरेत थकवाही आहे आणि सवयही आहे. ज्याने बैल राबवलाय त्याला ही नजर ओळखीची आहे.

माणसं? आहेत, हातात लांब काठ्या घेऊन, पण बैलांच्या आडोशाला. हाकणाऱ्याचा चेहरा हॅटखाली बुडालेला. धागाकर्तींचं म्हणणं इथे शंभर टक्के लागू पडतं. पण मी त्याला ठरीव म्हणणार नाही. नांगरटीच्या वेळी शेतकऱ्याचं लक्ष स्वतःवर नसतंच, सगळं लक्ष जनावरावर असतं. बाईंनी तो जिथे असतो तिथेच ठेवलाय.

या बाईंची मेहनतही मोठी. जनावराचं शरीर कळावं म्हणून त्या कत्तलखान्यात जाऊन अभ्यास करत. गुरांच्या बाजारात झग्यात वावरणं अवघड, म्हणून पुरुषी पोशाखासाठी त्यांनी पॅरिसच्या पोलिसांकडून रीतसर परवाना काढला होता. बैलाचा खांदा नीट काढण्यासाठी एका बाईला सरकारी कागद लागला, हे त्या चित्रासमोर उभं राहताना माझ्या मनातून जात नाही.

सरवा

तैलरंग, उजेडाचं तुमचं म्हणणं पटतं. पण उजेडही कोणावर पडतो आणि कोणावर नाही, हे चित्रकारच ठरवतो ना? फ्रेंच चित्रकार मिलेचं सरवा वेचणाऱ्या तीन बायांचं चित्र पाहा, १८५७ चं. यात गुरांचा कळप नाही, तरी ते या चर्चेत आलंच पाहिजे.

मागे, दूरवर, सोनेरी उजेडात भरलेली गाडी, उंच गंज्या, पेंढ्या, कामकऱ्यांची गर्दी. सगळी सुगी तिकडे. पुढे, सावलीकडे झुकलेल्या रंगात, या तिघी. दोघी पार वाकलेल्या, तिसरी अर्धवट. दोघींच्या पाठी क्षितिजाच्या बऱ्याच खाली आहेत, जणू त्यांना जमिनीतच दाबून ठेवलंय. पीक मालकाचं, आणि कापणीनंतर मातीत राहिलेली चार कणसं यांची. तीही गरिबांना मिळणारी सवलत. आता उजवीकडे अगदी मागे बघा, घोड्यावर एक माणूस आहे. तो मुकादम. इतका लहान की सहज निसटतो, पण तो आहे म्हणून तिघी तिथे आहेत आणि सुगी तिथे दूर आहे. चित्रातलं एकमेव जनावर, ज्यावर कोणी बसलंय, ते देखरेख करणाऱ्याचं आहे.

फ्रान्समधली १८४८ ची क्रांती होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. पॅरिसच्या सलोनमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या अधिकृत चित्रप्रदर्शनात, हे चित्र पाहून बऱ्याच प्रतिष्ठितांना भीती वाटली. तीन म्हाताऱ्या-पोक्त बाया कणसं वेचतायत, यात घाबरण्यासारखं काय? पण गरिबांना एवढं मोठं करून अग्रभागी आणलं, हेच पुरे होतं.

त्याच मिलेने सात वर्षांनी, १८६४ च्या सलोनमध्ये, विणकाम करणारी एक मेंढपाळ मुलगी दाखवली. मागे दाटीवाटीने चरणारा कळप, पलीकडे सपाट माळ, आणि ती काठीच्या आधाराने उभी, मान खाली, हात सुयांवर. ते चित्र सगळ्यांना आवडलं. कारण ती मुलगी कोणाला काही विचारत नाही. मला दोन्ही चित्रं आवडतात, पण दुसरं का आवडलं गेलं, याचा विचार केला की पहिल्याची धार आणखी कळते.

गोधूळ

चर्चा फ्रान्स-हॉलंडमध्येच फिरतेय म्हणून एक आपल्याकडचं चित्र मांडते. कांगडा शैलीतलं, गुरं घरी परतण्याच्या वेळेचं. अठराव्या शतकाच्या अखेरीचं किंवा एकोणिसाव्याच्या सुरुवातीचं. आता बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे.

गाईंचा लोंढा वेशीकडे निघालाय, अंगाला अंग घासत. बहुतेक पांढऱ्या, मध्येच एखादी काळी-तांबडी. खालून चढत त्या घरांच्या भिंतींमध्ये शिरतायत. डोक्यावर घडे घेतलेल्या बाया, सज्ज्यांत आणि खिडक्यांत उभ्या असलेल्या बाया. आणि गुरांच्या मध्यभागी कृष्ण.

इथे "गुरं अस्सल, गुराखी ठरीव" हे सूत्र पार उलटं होतं. गुराखी हाच चित्राचा प्राण आहे. गाई वळून त्याच्याकडे बघतात, बाया वरून त्याच्याकडे बघतात, आपली नजर त्यांच्या नजरेवरून घसरत त्याच्यावरच जाते. आणि तरीही गाई ठरीव नाहीत. माना वर करून एकमेकींच्या पाठीवरून पुढे बघण्याची त्यांची धडपड ज्याने कळप परतताना पाहिलाय त्यालाच काढता येईल. क्लोदच्या मेंढपाळाला मेंढ्यांशी काही देणंघेणं नसतं, त्या त्याच्या आसपास असतात एवढंच. इथे गुराखी आणि गुरं यांच्यातली ओढ हाच विषय आहे.

धागाकर्ती, म्हणून मला वाटतं तुमच्या सूत्राला हद्द घालायला हवी. जिथे गुराखी देव आहे तिथे तो झाडामागे जाऊ शकत नाही.

कुरणवाट (धागाकर्ती)

गोधूळ, हद्द मान्य. म्हणूनच सुरुवातीला "युरोपातल्या" म्हटलं होतं. तुमच्या उदाहरणामुळे एक चांगला प्रश्न हाती लागला: चित्रातलं जनावर कोणाकडे बघतंय? पॉटरच्या वळूची नजर आपल्यावर, बोनरच्या बैलाची आपल्यावर, कांगड्यातल्या गाईंची गुराख्यावर. नजर गुराख्याकडे असेल तर चित्र नात्याबद्दल आहे. आपल्याकडे असेल तर आपण तिथे परके आहोत, बाहेरून आलोय.

गोठा, बोनरच्या हाकणाऱ्याबद्दल तुम्ही लिहिलंय त्याने माझ्या डोळ्यांपुढचं चित्रच बदललं. माणूस लहान दिसला की त्याला डावललं, असं दर वेळी म्हणता येत नाही.

तरी "ठरीव" हा शब्द मी सोडणार नाही, त्यामागे एक व्यावहारिक कारणही आहे. सतराव्या शतकात हॉलंडमध्ये निसर्गचित्र एकाचं आणि त्यातली माणसं-गुरं दुसऱ्याची, हे सर्रास चालायचं. आद्रियान फान द फेल्द हा त्यातला वाकबगार. राउसडाल, होब्बेमा, यान फान देर हायडन यांच्या चित्रांत त्याने आकृत्या घातल्या आहेत. झाडं, आभाळ, वाट एकाने रंगवली; मग दुसरा येऊन त्या वाटेवर गुरं हाकणारा माणूस ठेवून गेला. तेव्हा एखाद्या चित्रात गुराखी वरून चिकटवल्यासारखा वाटला, तर तुमचा डोळा बरोबर सांगत असण्याची शक्यता आहे.

नवशिका_प्रेक्षक

सगळे प्रतिसाद दोनदा वाचले. एक साधी शंका: चित्रकार माहीत नाही, साल माहीत नाही, शीर्षकही नाही, अशा चित्रासमोर सुरुवात कुठून करायची? इथे सगळ्यांना संदर्भ माहीत आहेत, मला नाहीत.

गोठा

संदर्भ नंतर. आधी ऋतू ओळखा. झाडाला पान आहे का, गवत कापलेलं की उभं, मेंढ्यांची लोकर उतरवलेली की अंगावर. कोकरं असतील तर थंडी सरत आलेली किंवा वसंत. मग वेळ ओळखा, सावल्यांच्या लांबीवरून. कळप कुठे चाललाय? चरायला की परत? फ्लेमिश चित्रकार ब्रूगेलचं कळप परतण्याचं १५६५ चं चित्र व्हिएन्नामध्ये आहे. त्यात गाई आपल्याकडे पाठ करून निघाल्यात, मोठाले पुठ्ठेच दिसतात, झाडं उघडी, आभाळ अंगावर आलेलं. कोणी काही न सांगता कळतं की वर्ष संपत आलंय आणि गुरं उंचावरच्या कुरणातून खाली आणतायत.

तैलरंग

गोठा यांना जोड देतो. ते चित्र एकटं नव्हतं. अँटवर्पच्या निकोलास योंगेलिंक या धनिकाच्या घरासाठी ब्रूगेलने वर्षातल्या महिन्यांची मालिका केली, त्यातलं ते आहे. आज पाच उरलीत: तीन व्हिएन्नामध्ये, गवतकापणीचं प्रागला, गव्हाच्या कापणीचं न्यूयॉर्कला. शहरातल्या व्यापाऱ्याच्या भिंतींवर गावाकडचं अख्खं वर्ष. पण ब्रूगेलची माणसं ठरीव नाहीत हं. न्यूयॉर्कच्या चित्रात झाडाखाली पाय फाकून झोपलेला माणूस पाहा, इतका खरा दमलेला माणूस चित्रांत फार कमी सापडतो.

आणि नवशिका, चित्रात लाल ठिपका शोधा. हिरव्या-तपकिरी निसर्गचित्रात चित्रकार बहुधा एका जागी लाल ठेवतो. फ्रेंच चित्रकार कोरोच्या चित्रांत कोणाच्या तरी डोक्यावर लाल टोपी असते, इंग्लिश चित्रकार कॉन्स्टेबलच्या घोड्यांच्या साजात लाल असतं. तिथे तुमची नजर जावी असं त्याला वाटतंय. का वाटतंय, याचं उत्तर शोधता शोधता अर्धं चित्र पाहून होतं.

सरवा

कॉन्स्टेबलचं नाव निघालं, तर 'द हे वेन' बद्दल बोललंच पाहिजे. १८२१, नॅशनल गॅलरी, लंडन. इंग्लंडच्या खेड्याचं जगात सगळ्यात जास्त छापलं गेलेलं चित्र हेच असावं. स्टूर नदीच्या उथळ पाण्यात घोडागाडी उभी, डावीकडे बसकं घर, काठावर कुत्रा.

तारखा शेजारी ठेवा. १८१६ मध्ये पूर्व इंग्लंडमध्ये भुकेल्या शेतमजुरांचे दंगे झाले, १८२२ मध्ये पुन्हा. नेपोलियनची युद्धं संपल्यावर धान्याचे भाव कोसळले, मजुरी घटली. आणि या दोन दंग्यांच्या मध्ये हे चित्र आलं, ज्यात एक पानही रागाने हलत नाही. कॉन्स्टेबलचे वडील गिरणीमालक आणि धान्याचे व्यापारी. चित्र रंगवलं लंडनच्या स्टुडिओत बसून. मजूर यात आहेत, पण पलीकडच्या कुरणात, पांढऱ्या ठिपक्यांएवढे. त्यांचे चेहरे दिसू नयेत इतकं अंतर त्यांना दिलंय.

तैलरंग

ठिपक्यांएवढे आहेत, कारण ते तेवढे दूर आहेत! त्याच्यासाठी ही बालपणाची जागा होती. ओल्या पानांवरचा उजेड, चालते ढग, पाण्यातली आभाळाची तुटक प्रतिबिंबं, हे त्याने ज्या जिवाने रंगवलंय ते मालकीच्या भावनेतून येत नाही. १८२४ मध्ये पॅरिसच्या सलोनमध्ये हे चित्र लागलं, सुवर्णपदक मिळालं, आणि फ्रेंच चित्रकारांना त्यातला मोकळा फटकारा आणि ताजा हिरवा रंग पाहून नवा रस्ता दिसला. मिले आणि बार्बिझोन गावातले त्याचे चित्रकार सोबती ज्या वाटेने गेले ती इथूनही निघते.

कुरणवाट (धागाकर्ती)

दोन्ही गोष्टी एकाच कॅनव्हासवर असू शकतात. प्रेम खरं आहे आणि अंतरही खरं आहे. मला त्या चित्रातली एक जागा दाखवायचीय. पुढच्या काठावर, कुत्र्याच्या जवळ, कॉन्स्टेबलने आधी घोड्यावरचा स्वार ठेवला होता. व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये याच चित्राचा पूर्ण आकाराचा कच्चा आराखडा आहे, त्यात तो दिसतो. मूळ चित्रात त्याने तो काढला, त्या जागी पिंप ठेवलं, मग तेही बुजवलं. तिथे आज रिकामा काठ आहे. त्या रिकामेपणामुळे नजर अडत नाही, थेट गाडीवर जाते आणि गाडीवरून पलीकडे कुरणात. ज्यांना तुम्ही ठिपके म्हणताय, सरवा, त्यांच्यापर्यंत जायची वाट त्याने एक माणूस खोडून मोकळी केलीय.

नवशिका_प्रेक्षक

आत्ताच मोठं करून पाहिलं. पण गाडी पाण्यात का आहे? रस्ता चुकलीय का?

गोठा

चुकलेली नाही. तिथे पाणी उथळ आहे, उतार आहे. गाडी रिकामी आहे, पलीकडे गवत भरायला निघालीय. नीट बघितलंत तर पलीकडे एक गाडी भरतायत तेही दिसेल. उन्हाळ्यात लाकडी चाक सुकतं, आरे-पुठ्ठे आकसतात आणि लोखंडी धाव सैल होते. पाण्यातून नेली की लाकूड फुगतं आणि धाव घट्ट बसते. घोड्यांचे पायही गार होतात. गाडीवान घाईत नाही, त्याचं कारण हेच असावं. आणि तैलरंग म्हणाले तो लाल रंग घोड्यांच्या मानेवरच आहे, बघा.